कोमट म्हणून हिणवलेली बिटर

इंग्लंडला जाऊन आलेला आपला माणूस दोन तक्रारी हमखास करतो: पाऊस आणि कोमट बिअर. पावसाचं तुम्ही बघा, बिटरची, म्हणजे तिकडच्या पबमधल्या कडसर बिअरची, बाजू मात्र मी घेणार.

ती कोमट नसतेच मुळी. ११ ते १३ अंशांवर, म्हणजे तळघराच्या गारव्यात ठेवतात. आपली जीभ बर्फगार लागरला, म्हणजे आपल्या नेहमीच्या फिकट बिअरला सरावलेली, म्हणून ती गरम वाटते. खऱ्या कास्क (म्हणजे पिंपातल्या) बिटरमध्ये यीस्ट जिवंत असतं. पिंप ब्रुअरीतून निघालं तरी पबच्या तळघरात आंबणं चालूच असतं, विरजण लावलेल्या दुधासारखं. बाहेरून गॅस मारत नाहीत, हातपंपाचा दांडा ओढला की बिअर वर येते. उघडलेलं पिंप मात्र तीन-चार दिवसांत संपवावं लागतं. पबवाला आळशी असेल तर बिटर भिकार लागते, हेही कबूल. (शुद्ध शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं. ती नितळ करायला परंपरेनं माशाच्या पोटातला फुगा वापरतात!)

या बिअरच्या घडणीत आपल्याकडच्या गोऱ्या साहेबाचाही हात आहे. १८२२ मध्ये रशियानं जकात वाढवली आणि इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंट गावच्या ब्रुअरींचा तिकडचा धंदा बसला. मग तिथल्या सॅम्युअल ऑलसॉपनं हिंदुस्थानातल्या इंग्रजांसाठी फिकट, भरपूर हॉप्सची (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांची) एल, म्हणजे इंग्लिश धाटणीची बिअर काढली. बर्टनच्या पाण्यात जिप्सम, त्यामुळे हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उतरतो. १८३९ मध्ये गावात रेल्वे आली आणि बर्टनची पेल एल देशभर पोचली. पबमध्ये पिंपातून मिळणारी बिटर याच पेल एलच्या घराण्यातली. बर्टनच्याच बास ब्रुअरीचा लाल त्रिकोण हा ब्रिटनचा पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क, १८७६ चा. पहिल्या महायुद्धात कर आणि धान्यटंचाईनं बिअर हलकी झाली ती झालीच. आज बहुतेक बिटरमध्ये अल्कोहोल साडेतीन ते पाच टक्क्यांच्या आत.

साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी पाश्चराइज केलेली, गॅस भरलेली केग बिअर माथी मारली. कंपनीची सोय झाली, चव गेली. १९७१ मध्ये चार पिणाऱ्यांनी ‘कॅमरा’ ही खरी एल वाचवायची चळवळ काढली, म्हणून कास्क टिकली. गिऱ्हाइकाच्या कुरकुरीला मी मान देतो तो उगाच नाही.

कंपन्यांचं मात्र तेच चालू आहे. बर्टनला मार्स्टन्स ब्रुअरीकडे ‘युनियन’ ही बिअर आंबवायची जुनी मांडणी होती: ओकच्या पिंपांची रांग, फसफसून आलेलं यीस्ट वाकड्या नळीतून वरच्या पन्हळीत, बिअर परत खाली. २०२४ मध्ये ती मोडीत काढली. एक संच डर्बीशरच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीनं नेऊन चालू केला, तेवढंच वाचलं.

तिकडे जाणार असाल तर बारवर आधी हातपंप शोधा आणि अर्धा पाइंट मागवा. नाही आवडली तर लागर आहेच.