चिंचोळी पट्टी

संगणकातील 240 जीबीची डिस्क काठोकाठ भरली म्हणून मी 1 टीबीची नवी डिस्क विकत घेतली, आणि विंडोजपासून मुलीच्या लग्नाच्या फोटोंपर्यंत सगळे जसेच्या तसे तिच्यावर उतरवून द्या, असे सांगून संगणक खडेबाजाराजवळच्या एका दुकानात दिला. घरी आणून सुरू केला, तर सी ड्राइव्हची पट्टी पूर्वीइतकीच लाल! जाब विचारायला गेलो, तेव्हा दुकानातला पोरगा मोबाइलवरची नजरही न उचलता म्हणाला, "तुम्हीच बोललासा की सर, जसंच्या तसं पायजे म्हणून." या उत्तरात खोट काढता येत नाही, आणि मला नेमके तेच अजून टोचते आहे.

नाइलाजाने त्याने पडद्यावर डिस्कचा आराखडा उघडला. त्याच वेळी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक काका प्रिंटरची शाई भरून घेण्यासाठी बाकावर बसले होते. आयुष्यभर बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील शेते मोजलेल्या त्या गृहस्थांना पडद्यावरचे आडवे चौकोन दिसताच राहवले नाही. चष्मा पुसून ते थेट माझ्या खांद्यावरून वाकले.

"एकूण क्षेत्र किती?"

"931 जीबी, काका."

"आणि खोक्यावर हजार लिवलंय. बाकीचं पोटखराब काय?"

कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या पटीत, असे पोराने सांगितले. काकांनी मान डोलावली. "म्हणजे विकताना एक साखळी आणि मोजताना दुसरी. असल्या भानगडीत आमच्याकडं माणसं कोर्टात जायची."

मग त्यांचे बोट उजवीकडच्या काळ्या पट्ट्यावर टेकले. सुमारे 708 जीबी जागा तिथे पडीक होती. माझ्याच पैशांची, पण माझ्या उपयोगाची नाही. सी ड्राइव्ह आणि ती पडीक जागा यांच्यामध्ये विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला जेमतेम अर्ध्या-पाऊण जीबीचा रिकव्हरी विभाग ठाण मांडून बसला होता. जुन्या डिस्कवर तो शेवटी असतो, म्हणून नक्कल करताना सी ड्राइव्हच्या लगेच पाठोपाठ येऊन बसतो; आणि लगतची जागा मोकळी नसेल, तर विंडोज सी ड्राइव्हला वाढू देत नाही.

"ही चिंचोळी पट्टी कुणाच्या नावावर हाय?" काकांनी विचारले. "हिला धुऱ्याला सरकवा, मग सलग क्षेत्र होतंय. पण हद्दीचं काम, वेळ लागणार. 1956 पासून बघायलोय मी."

महाराष्ट्राने सीमाप्रश्नी 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा विषय आता निघणार, या भीतीने मी घाईघाईने पोराला कामाला लावले. त्याने पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड हे डिस्कचे विभाग सरकवणारे सॉफ्टवेअर सुरू केले, ती पट्टी ओढून शेवटी नेली आणि सी ड्राइव्ह ऐसपैस पसरवला. काकांची शाई भरून होण्याआधीच हे उरकले. एवढेसे काम पहिल्याच वेळी का केले नाही, या प्रश्नावर त्याने खांदे उडवले. रोज हाच धंदा करणाऱ्याला ती पट्टी आडवी येते हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. गिऱ्हाईक परत आले की दुसरे बिल होते, हे मात्र त्याला पक्के ठाऊक होते. त्याने आणखी तीनशे रुपये मागितले.

मी आशेने काकांकडे पाहिले.

"हद्द हलवायची म्हणजे फी पडतीच की," ते म्हणाले. "आमच्यात तर आगाऊ भरून घ्यायचे."

मी पैसे मोजले. निघताना काकांनी मागून हाक मारली, "आणि जुना नकाशा? तो घेतलासा काय? नवीन मोजणी अंगवळणी पडेपर्यंत जुना कुणाकडं सोडायचा नसतोय."

तेव्हा कुठे पोराने गल्ल्याशेजारच्या खणातून माझी जुनी डिस्क काढून दिली.