‘आधी जमीन बायकोच्या नावावर करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आंबा बागायतदार, होडीवाले, होमस्टेवाले यांच्या ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय. कर्ज डोईजड झालं तर २०१६च्या नव्या कायद्याने दिवाळखोरी जाहीर करा, नाहीतर तुरुंग ठरलेला. त्याआधी जमीन बक्षीसपत्राने बायकोच्या नावावर टाका. मग सगळी कर्जं माफ, जामीनदारही मोकळा.

कायद्यापासूनच गोंधळ आहे. २०१६च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९पासून लागू झाला, पण फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदाराला अजून १९२०चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदाच लागतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. मुंबईच्या चाकरमानी भावाला १९०९चा वेगळा कायदा. १९२०च्या कायद्यात अर्जासाठी देणं किमान ५०० रुपयांचं हवं. आज तेवढ्यात पापलेटची धड जोडी येत नाही, पण आकडा तोच आहे.

तुरुंगाची भीती बरीचशी पोकळ. ऐपतच नाही म्हणून कर्जदाराला दिवाणी कैदेत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्येच सांगितलंय; पैसे असून दडवले तर गोष्ट वेगळी. चेक बाउन्सचा खटला मात्र फौजदारी असतो. नादारीच्या अर्जाने तो मिटेल असं समजू नका.

खरा घात बक्षीसपत्रात आहे. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय दिलेली मालमत्ता कोर्ट परत ओढू शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाकीच्यांना डावलून एकाच सावकाराचं किंवा मेव्हण्याचं देणं फेडलं, तर तेही रद्द होऊ शकतं. फसवण्यासाठी मालमत्ता लपवली, हिशेब दडवले तर वर्षापर्यंत कैद आहे. म्हणजे तुरुंग टाळायला निघालेला माणूस मेसेज वाचून नेमका तुरुंगाच्याच वाटेला लागतो!

आणि एवढा खटाटोप कशासाठी? स्वतः कसणाऱ्या, मुख्यतः शेतीवर जगणाऱ्या माणसाचं राहतं घर, शेतीची अवजारं, बी-बियाणं, स्वयंपाकाची भांडी यांवर दिवाणी जप्ती येत नाही. नादारीतही ती बाहेरच राहतात. घर गहाण टाकलेलं असेल तर हे संरक्षण उपयोगाचं नाही, कारण गहाण घेणाऱ्या बँकेचा हक्क नादारीने अडत नाही. सामाईक सातबारावर चुलत्यांची पंधरा नावं असली तरी जातो तो फक्त तुमचा हिस्सा. मात्र नादार ठरल्यानंतर आणि मुक्तता (कोर्टाकडून कर्जांतून सुटका) मिळण्याआधी वडिलांच्या बागेतला वाटा वारसाने आला, तर तोही त्यात ओढला जातो. हे मेसेजवाल्याला बहुधा ठाऊकच नाही.

‘सगळी कर्जं माफ’ हेही खोटं. सरकारी देणं, फसवणुकीने घेतलेलं कर्ज आणि पोटगी मुक्ततेनंतरही उरतात. मुक्ततेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, कोर्टाने दिलेल्या मुदतीत. त्यात जुन्या कायद्याची एक अट आहे: विनातारण देण्याच्या रुपयामागे आठ आणे, म्हणजे निम्मे, भरतील इतकीही मालमत्ता नसेल, तर पूर्ण मुक्तता मिळत नाही. अपवाद एकच, तूट तुमच्या दोषाने आली नाही हे पटवून दिलंत तर. इथे कोकणातल्या माणसाकडे सांगण्यासारखं खूप असतं. ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ, मे २०२१चं तौक्ते, २२ जुलै २०२१चा चिपळूणचा पूर. पण तोंडी सांगून भागत नाही. तलाठ्याचा पंचनामा, पडलेल्या कलमांचे किंवा फुटलेल्या होडीचे फोटो, विम्याचा पत्रव्यवहार, दलालाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) हे शोधून ठेवा. जोडीला तुम्ही ज्यांचं देणं लागता त्या सगळ्यांची यादी करा: नाव, पत्ता, रक्कम. त्यात हातउसने आणि बिनपरवाना सावकारही आले. वकिलाकडे जाण्याआधीची तयारी ती ही.

राहिला जामीनदार. तो अजिबात सुटत नाही. मूळ कर्जदाराची मुक्तता त्याला लागू होत नाही असं कायद्यातच लिहिलंय. आपल्याकडे पतपेढीच्या कर्जाला सही असते ती शेजाऱ्याची, नाहीतर शाळेतल्या गुरुजींची. १०१चा दाखला (सहकार कायद्याच्या कलम १०१खालचा वसुली दाखला) निघाला की वसुली त्यांच्या पगारावरही येऊ शकते. अर्ज करायचा असेल तर आधी त्यांना सांगा, आणि पतपेढीशी तडजोडीचं काही जमतं का ते त्यांना सोबत घेऊनच बघा.