सहा महिन्यांचा तांदूळ आणि एक धूमकेतू

तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात आमच्या देवळाच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर आला. पोदेर भोंगा वाजवत पाव घालून जाईपर्यंत तो चौघांनी पुढे ढकलला होता आणि दुपारी जेवायला बसलो तेव्हा भजनी मंडळाच्या आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही तोच. आता शिगम्याच्या तोंडावर तो पुन्हा फिरतो आहे, तारखा तेवढ्या बदलून. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं असल्यामुळे 'मास्तर, हे खरं का?' हा प्रश्न माझ्याच दारात येतो. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

मजकुराचं सार असं: आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला ३आय/ॲटलस हा धूमकेतू नसून परग्रहावरचं यान आहे. नासाने त्याचे फोटो दाबले. त्यातून रेडिओ संदेश आला. पृथ्वीरक्षणाची यंत्रणा चालू झाली. बातमी फुटेल त्या दिवशी दंगली होतील, बँका बंद पडतील, म्हणून सहा महिन्यांचा शिधा भरा. सगळे धर्म कोसळतील. जगाने याची काडीचीही तयारी केलेली नाही, तेव्हा भारताने तरी आधी संदेश पाठवून मैत्री करावी.

'फोटो दाबले.' मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने २ ऑक्टोबर २०२५च्या सुमारास, साधारण तीन कोटी किलोमीटरवरून या पाहुण्याचं छायाचित्र घेतलं आणि ते थेट १९ नोव्हेंबरला बाहेर आलं, हे खरं. पण १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस अमेरिकेची सरकारी कचेरीच बंद होती. तिथल्या संसदेत खर्चाची मंजुरी अडकली होती, आणि छायाचित्रं प्रसिद्ध करणारी माणसं घरी बसली होती. त्याच मंगळाभोवती युरोपचंही यान आहे. त्याने दुसऱ्याच दिवशी टिपलेलं चित्र चार दिवसांत जगाने पाहिलं. हबल दुर्बिणीचा फोटो तर ऑगस्टमध्येच आला होता. लपवायचं असतं तर एवढ्या सगळ्यांची तोंडं एकदम बंद करावी लागली असती. आमच्या देवळाच्या समितीत सात माणसं आहेत आणि पालखीचा नवा मार्ग आम्हाला एक रात्र गुप्त ठेवता आला नाही.

'रेडिओ संदेश आला.' या मुद्द्याचा मला सगळ्यात राग येतो, कारण त्याच्या मुळाशी खरोखर एक सुंदर गोष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट या रेडिओ दुर्बिणीला ऑक्टोबरच्या शेवटी १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झच्या आसपास खुणा मिळाल्या. धूमकेतू सूर्याजवळ गेला की त्याच्या बर्फाची वाफ होते, त्या पाण्याचे रेणू उन्हात तुटतात आणि हायड्रॉक्सिल तयार होतं. हे हायड्रॉक्सिल नेमके त्याच कंप्रतेचे तरंग शोषून घेतं. म्हणजे तिथून कोणी काही बोलत नव्हतं, उलट तिथून जाणारे तरंग थोडे गिळले जात होते. दुसऱ्या ताऱ्याच्या परिसरातून आलेलं पाणी आपल्या सूर्याच्या उन्हात वाफ होतंय, आणि ते आपल्याला कळतंय! यावर ग्रुपवर एक ओळ आली नाही.

यंत्रणा चालू झाली म्हणतात ती लघुग्रहांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्याची कवायत. धूमकेतू पिंजलेल्या कापसासारखा दिसतो, त्याचं नेमकं ठिकाण मोजणं अवघड, म्हणून सरावाला हा घेतला. डिसेंबरात तो पृथ्वीपासून २७ कोटी किलोमीटरवरून निघूनही गेला. पुढे.

'दंगली होतील, शिधा भरा.' इथे जरा थांबतो, कारण या मुद्द्याने माझ्या शेजारच्या वहिनींना खर्चात घातलं. एका संध्याकाळी त्यांनी कुंपणावरून विचारलं, "मास्तर, उकडे तांदूळ किती घेऊन ठेवू हो?" मी हसलो, तेच चुकलं. माणूस हसला की लोक ऐकणं थांबवतात. त्यांनी दोन पोती घेतली. माघात बघतो तर अंगणात सुपं मांडून सोंडकिडे वेचत बसलेल्या.

घबराटीचा दाखला म्हणून १९३८ सालच्या अमेरिकेतल्या रेडिओ नाटकाची गोष्ट नेहमी देतात, मंगळावरून हल्ला झाला असं ऐकून लाखो लोक रस्त्यावर धावले म्हणे. त्याच रात्री श्रोत्यांची मोजणी करणाऱ्यांनी पाच हजार घरांना फोन केले होते, त्यातली जेमतेम दोन टक्के ते नाटक ऐकत होती. घबराट पिकली ती मुख्यतः दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत.

खरी चाचणी झाली १९९६ साली. अंटार्क्टिकात मिळालेल्या मंगळावरच्या एका दगडात जीवाश्मासारख्या खुणा असल्याचं नासाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. खुद्द राष्ट्राध्यक्ष क्लिंटन बागेत उभे राहून त्यावर बोलले. त्या आठवड्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सोडाच, न्यूयॉर्कचाही बंद झाला नाही. ॲरिझोनातल्या मानसशास्त्रज्ञांनी अशा जुन्या घोषणांच्या बातम्यांची भाषा तपासली, शिवाय काही लोकांना ती १९९६ची बातमी वाचायला देऊन त्यांच्या प्रतिक्रिया लिहून घेतल्या. २०१८ साली आलेल्या त्या अभ्यासात भीतीपेक्षा आनंदाचे शब्द जास्त निघाले. आपल्याकडचं पाहायचं तर २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो अशी आवई उठली तेव्हा कोणी पळालं नाही, लोटे घेऊन रांगा लावल्या.

हां, १९८०च्या फेब्रुवारीतलं सूर्यग्रहण मलाही आठवतं. दारं-खिडक्या बंद, पाण्यात तुळशीचं पान, रस्त्यावर कुत्रं नाही. पण त्याच घरांतली पोरं पुढे पणजीला जुन्ता हाउसच्या गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून शनीची कडी बघून आली. हा बदल कोणा सरकारी फतव्याने झालेला नाही. कोणीतरी शांतपणे, पुन्हा पुन्हा, समोर उभं राहून दाखवलं म्हणून झाला.

या मजकुराची मूळ चूक मात्र वेगळीच आहे. 'बातमी फुटेल तो दिवस' असा एक दिवस असेल, हे त्याने गृहीत धरलंय. तो बहुधा नसेलच. २०२०मध्ये शुक्राच्या ढगांत फॉस्फिन (पृथ्वीवर सूक्ष्मजीवांशी जोडला जाणारा वायू) सापडलं, मग त्याच चमूने आकडा खाली आणला, इतरांना काही दिसलंच नाही, आणि वाद अजून चालू आहे. एप्रिल २०२५मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या चमूने १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या हवेत समुद्री सूक्ष्मजीव सोडतात तसला वायू असावा असं म्हटलं. काही आठवड्यांत दुसऱ्यांनी तीच निरीक्षणं घेऊन 'हा नुसता मोजमापातला गोंगाटही असेल' असं दाखवलं. मंगळावर पर्सिव्हरन्स गाडीला बिबट्याच्या अंगासारखे ठिपके असलेला दगड मिळालाय. पृथ्वीवर असे ठिपके बऱ्याचदा सूक्ष्मजीवांमुळे पडतात, त्यांच्याशिवायही पडू शकतात. त्या दगडाच्या नमुन्याची नळी अजून मंगळावरच आहे. नासाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली अशा दाव्यांसाठी सात पायऱ्यांची मोजपट्टी सुचवली: खूण दिसली ही पहिली पायरी, ती आपल्याच उपकरणाची घाण नाही ही दुसरी, असं करत सातवी. एकेका पायरीला दहा-दहा वर्षं लागू शकतील. तेवढा काळ 'असेलही, नसेलही' यात काढायचा आहे, आणि त्यासाठी तांदूळ कामाचा नाही.

'धर्म कोसळतील.' आमच्याकडे देवाचा जयजयकारच 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' असा होतो. त्यात एका ब्रह्मांडात चार जंतू निघाले तर नायकाचं काय बिघडलं? शेजारच्या चर्चची काळजी करणाऱ्यांना सांगतो, व्हॅटिकनची स्वतःची वेधशाळा आहे, आणि तिचे तेव्हाचे संचालक फादर फुनेस यांनी २००८ सालीच म्हटलं होतं की परग्रहवासी असला तर तोही आपला भाऊच. वास्कोचा दामोदराचा सप्ताह तर प्लेगच्या साथीत सुरू झाला. संकटाने श्रद्धा मोडते हे गणित गोव्याला फारसं लागू पडलेलं नाही.

'जगाने काहीच तयारी केलेली नाही.' केलीय, आणि बरीच जुनी आहे. १९६७च्या अंतराळ कराराचं नववं कलमच सांगतं की दुसऱ्या ग्रहांना घाण करू नका आणि तिथली घाण इथे आणू नका. चंद्रावरून आलेल्या पहिल्या तिघांना २१ दिवस वेगळं ठेवलं होतं (त्याआधी समुद्रातच यानाचं दार उघडलं होतं, म्हणजे सोवळ्यात तिथेच फट पडली, ते सोडा). २०१७मध्ये कॅसिनी यान मुद्दाम शनीत जाळलं, का, तर ते चुकून एन्सेलाडस या उपग्रहावर आदळून आपले जंतू तिथल्या पाण्यात जाऊ नयेत. हे आपल्या लोकांना सहज कळायला हवं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून काजू आला, मिरची आली, आपण त्यांना घरचं केलं. पण अमेरिकेतूनच आलेली रानमोडीही आहे, आणि एकदा माळावर पसरली की ती कोणाच्या बापाला हटत नाही. मुरगावला खनिज भरायला येणाऱ्या रिकाम्या बोटी परक्या बंदरांचं पाणी पोटात घेऊन येतात, त्यातल्या जीवांचा अभ्यास दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत वर्षानुवर्षं चाललाय. परका जीव म्हणजे काय, हे शिकायला आपल्याला मंगळावर जायची गरज नाही.

त्रुटी आहे ती दुसरीकडे. हे सगळं आपल्या भाषेत सांगणारं माणूस कोण? इस्रोच्या फुग्याने २००५ साली हैदराबादहून वर जाऊन २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचं २००९ साली जाहीर झालं. त्या प्रयोगामागे जयंत नारळीकर होते. जीव अंतराळातून पृथ्वीवर आले असावेत या विचाराकडे त्यांचा स्वतःचा ओढा, तरी निवेदनात साफ लिहिलं होतं की हे जिवाणू पृथ्वीबाहेरचे असल्याचं यातून ठामपणे सिद्ध होत नाही. असं वाक्य मराठीत, मराठी माणसाला पटेल असं सांगणारे ते मे २०२५मध्ये गेले. उद्या खरी बातमी आली तर वहिनींच्या फोनवर पहिल्यांदा काय पोचेल, शास्त्रज्ञांचं निवेदन की एखाद्या निनावी वाहिनीचा लाल बाण मारलेला व्हिडिओ? प्रत्येक तालुक्यात 'हे खरं का?' असं ज्यांना विचारता येईल अशी चार माणसं हवीत. मी तयारी म्हणतो ती एवढीच.

राहिला शेवटचा मुद्दा, भारताने आधी संदेश पाठवावा. संकेत मिळाला तर आधी पडताळा, मग सर्वांना सांगा, आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर देऊ नका, असे नियम शास्त्रज्ञांनी १९८९ साली लिहिले. ते कायद्याने कोणाला बांधत नाहीत, इथे मजकूरवाल्याची चिंता अर्धी खरी आहे.

पण आपला संदेश कधीच गेलाय. १९७७ साली सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. आणि त्याच तबकडीवर भैरवी आहे, सूरश्री केसरबाई केरकरांची. केरी त्यांची, आमच्या फोंडा तालुक्यातली (सत्तरीची नव्हे, पेडण्याचीही नव्हे). दोघांतलं नंतरचं यान सुटल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, बाई वारल्या. ते यान आज अडीच हजार कोटी किलोमीटरच्या पलीकडे आहे. निवड उत्तमच होती. पण ती केली अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या मूठभर सहकाऱ्यांनी. पृथ्वीच्या वतीने काय बोलायचं हे त्यांनी जगाला विचारलं नव्हतं, केरीला तर नाहीच.