बोलतो की एवढं!

आज एका बारशाला गेले होते. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या आणि एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, तो तर एवढं बोलतो, मग ते स्पीच थेरपीचं काय फॅड?" कारण माझा लेक तेव्हा कोपऱ्यात उभा राहून शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी करत लोकल पार लोणावळ्याला नेत होता. एक स्टेशन चुकत नाही त्याचं. सगळे कौतुकाने हसले, मीही हसले, तोंडदेखलं. घरी आल्यापासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

काकू, सगळी स्टेशनं पाठ असलेला हा पोरगा तहान लागली तर "आई, पाणी" म्हणायचा नाही हो. फ्रीजपाशी उभा राहून रडायचा. हाक मारली तर वळायचा नाही, विमान दिसलं तर बोट दाखवून माझ्याकडे बघायचा नाही. दीड वर्षाचं पोर एवढं करतं, हे तो तीन वर्षांचा होईपर्यंत मला कोणी सांगितलं नाही. "मुलगे उशिराच बोलतात" हे मात्र दूधवाल्यापासून सगळ्यांनी सांगितलं. बोलतात काही उशिरा, मान्य. पण वाट बघण्यात गेलेलं माझं वर्ष कोण परत देणार?

थेरपिस्ट ताईंनी पहिल्या दिवशी काय केलं, तर साबणाचे फुगे उडवले, बाटलीचं झाकण गच्च लावलं आणि बाटली त्याच्या हातात देऊन गप्प बसल्या. बस्स. तो ओढतोय, चावतोय, फेकतोय. मी उघडायला हात पुढे केला तर ताईंनी नजरेनेच थांबवलं. ह्याचे पैसे देतोय आपण, असं आलंच मनात! चौथ्या सेशनला त्याने ती बाटली ताईंच्या हातात ठेवली आणि मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. शब्द एकही नाही. मी बाहेर जाऊन पॅसेजमध्ये रडले.

कारण झाकण उघडणारी मीच होते ना. त्याने मागायच्या आधीच सगळं हातात. कोणी नाव विचारलं की उत्तर माझं. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

थेरपी महाग आहे, हेही खरंच, सगळ्यांना नाही झेपत. पण जिल्हा रुग्णालयांमध्ये डीईआयसी म्हणून केंद्रं असतात, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी, आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी योजनेत ० ते १८ वर्षांच्या मुलांसाठी, मोफत. अंगणवाडीत तपासणी होते, तिथे विचारा. आणि खासगीत जाणार असाल तर आधी थेरपिस्टचं आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन बघा, बोर्ड काय कोणीही लावतं.

सासूबाई सुरुवातीला चिडायच्या, "कशाला छळतेस लेकराला?" हल्ली त्याच चिवड्याच्या बरणीचं झाकण घट्ट लावून समोर बसतात, मनात दहा आकडे मोजतात. "आजी, उघड" आलं की मूठभर जास्तच देतात!

गेल्या आठवड्यात सोसायटीत पोरं लपाछपी खेळत होती. हा नेहमीसारखा कडेला. माझी जीभ शिवशिवत होती, "ह्याला पण घ्या रे" म्हणायला. गप्प बसले. बराच वेळ गेला. मग तो एका ताईच्या फ्रॉकला धरून म्हणाला, "मी?"

"ये, पण तू कच्चा लिंबू हां!"

रात्री झोपताना लोकल निघाली. कामशेत, मळवली, लोणावळा. आणि मग थांबून, माझ्याकडे बघून, "आई, कच्चा लिंबू."