‘मी’ म्हणणारा लांडगा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं. मग लक्षात आलं की हे प्रकरण दोन ओळींत मिटणारं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात मामला सांगतो. मी मार्व्हलच्या ‘वेअरवुल्फ बाय नाइट’ या जुन्या कॉमिक मालिकेवर लिहिलं होतं. तिचा नायक जॅक रसेल. अठरावं वर्ष पूर्ण होतं आणि घराण्याचा शाप त्याच्या वाट्याला येतो. पौर्णिमेच्या तीन रात्री त्याचा लांडगा होतो. मी त्याला अँटीहिरो म्हटलं. त्यावर तुमचं म्हणणं असं : ‘जॅक हा प्रतिनायक नाही, बिचारा आहे. करतो तो लांडगा, भोगतो तो जॅक. जिथे निवडच नाही तिथे अँटीहिरो कसला? पनिशरला म्हणा, पटेल.’ (पनिशर म्हणजे मार्व्हलचाच, गुन्हेगारांना स्वतःच ठार मारणारा माणूस.) शिवाय माझ्या लेखातली तपशिलाची एक चूक, मालिकेचा चित्रकार डॉन पर्लिन याच्यावर मी केलेला अन्याय आणि शेवटी ‘त्रेचाळीस अंक तेच ते दळण’ हा टोला.

चूक आधी कबूल करतो. मी लिहिलं होतं की जॅक सप्टेंबर १९७२च्या पहिल्या अंकात अवतरला. चूक. तो त्याआधीच, फेब्रुवारी १९७२ची तारीख असलेल्या ‘मार्व्हल स्पॉटलाइट’च्या दुसऱ्या अंकात आला होता. तिथे तीन अंक चालला आणि मग त्याला स्वतःच्या नावाचं मासिक मिळालं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता शब्दाबद्दल. तुम्ही ‘प्रतिनायक’ लिहिलंत आणि माझ्या मते आपला अर्धा वाद तिथेच आहे. संस्कृत नाट्यशास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाच्या विरोधात उभा ठाकणारा. रामासमोरचा रावण. त्या अर्थानं जॅक प्रतिनायक नाहीच, यावर आपलं एकमत आहे. पण अँटीहिरो ही वेगळी जात. तो गोष्टीच्या मध्यभागी नायकाच्याच जागेवर बसलेला असतो, फक्त त्या जागेला शोभेल असं त्याच्याकडे काही नसतं. या माणसाला मराठीत चांगला शब्द मला तरी सापडलेला नाही, म्हणून मी अँटीहिरोच ठेवतो. तुम्हाला सुचला तर जरूर कळवा.

पनिशरचं उदाहरण तुम्ही दिलंत ते मात्र मजेदार आहे. जॅकची पहिली गोष्ट लिहिली जेरी कॉनवेनं. मार्व्हलचा लेखक-संपादक रॉय थॉमस याच्या कल्पनेवरून, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे जॅकपेक्षा जेमतेम एका वर्षानं मोठा असताना. आणि फेब्रुवारी १९७४च्या ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’च्या १२९व्या अंकात पनिशर पहिल्यांदा आला, त्याचा लेखकही हाच कॉनवे. एकाच माणसाच्या टाइपरायटरवर दोन वर्षांच्या अंतरानं ही दोन पोरं जन्माला आली. पनिशरला काय करतोय ते नेमकं ठाऊक असतं आणि त्याचा त्याला पश्चात्ताप नाही. जॅकला हातून काय घडलं ते नंतर कळतं आणि पश्चात्तापाशिवाय त्याच्याकडे दुसरं काही नाही. तुम्ही पहिल्याला अँटीहिरो म्हणता आणि दुसऱ्याला बिचारा. मला दुसरा जास्त अवघड वाटतो.

का, ते सांगतो. ‘लांडगा करतो, जॅक भोगतो’ ही तुमची वाटणी फार सोयीची आहे, पण कॉमिक ती करू देत नाही. रॉय थॉमसला या मालिकेचं नाव ‘आय, वेअरवुल्फ’ असं ठेवायचं होतं. ‘मी, लांडगा’. मार्व्हलचा मुख्य संपादक स्टॅन ली यानं नाव बदललं, पण तो ‘मी’ गेला नाही. गोष्ट जॅक स्वतः सांगतो, प्रथमपुरुषी. तुम्ही सुरुवातीचे अंक चाळून बघा. चित्रात केसाळ जनावर लॉस एंजेलिसच्या गल्ल्यांतून धावतंय आणि वरच्या चौकटीत बोलणारा आवाज त्याच पोराचा. आपल्याकडे कुणाच्या अंगात येतं तेव्हा शुद्धीवर आल्यावर माणूस म्हणतो, ‘मला काही आठवत नाही’, आणि गावही ते मान्य करतं. त्या वाक्यानं माणूस मोकळा होतो. जॅकला ते वाक्य लेखकांनी दिलंच नाही. रात्रीचा हिशेब त्यालाच मांडायला बसवलं.

आणि त्या हिशेबात पहिलीच नोंद काय आहे? जॅकची आई लॉरा मोटार अपघातात जखमी होते. गाडीच्या ब्रेकमध्ये ड्रायव्हर ग्रँटनं खोडी केलेली असते. मरता मरता ती जॅकला त्याच्या खऱ्या बापाची, ग्रेगोर रुसॉफची हकीकत सांगते आणि एक वचन घेते : सावत्र बाप फिलिप, म्हणजे ग्रेगोरचाच भाऊ, त्याला इजा करायची नाही. जॅकचा संशय मात्र फिलिपवरच असतो. मग चंद्र उगवतो. लांडगा ग्रँटला मारतो आणि फिलिपला सोडून देतो.

आता हे तुम्ही कसं वाचाल? अविचारी जनावर म्हणावं, तर त्यानं नेमका तोच माणूस गाठला ज्याचा जॅकच्या आईच्या मृत्यूत हात होता. आणि आईला दिलेलं वचनही पाळलं. लांडग्याला वचन कळतं? म्हणजे आत कुठेतरी जॅक जागा आहे. तसं असेल तर ग्रँटचा जीवही त्या जाग्या असलेल्या जॅकनंच घेतला. वचनाचं श्रेय जॅकला आणि खुनाचं पाप लांडग्याला, अशी वाटणी एकाच रात्रीची करता येत नाही. मी अँटीहिरो म्हणतो तो या जागेवरून.

शापाबद्दलही तुम्ही लिहिलंत की ‘शापित माणसाला जबाबदार धरणं अन्याय आहे’. इथे आपल्या कानाला सवय असलेला शाप आणि रुसॉफ घराण्याचा शाप यांत गल्लत होते. आपल्या पुराणांतल्या शापाला देणारा असतो, कारण असतं, आणि बहुतेक वेळा पाठोपाठ उःशाप असतो. दुर्वास चिडतात, पण अंगठी दाखवली की दुष्यंताला आठवेल एवढी फट ठेवतात. कालिदासाच्या यक्षाला तर वर्षाची मुदतच घालून दिलेली. रुसॉफांच्या बाबतीत यातलं काही नाही. नंतरच्या लेखकांनी या शापाचं मूळ १७९५पर्यंत मागे नेलं. ट्रान्सिल्व्हेनियातला ग्रिगोरी नावाचा पूर्वज, त्याला चावलेली एक लांडगा-बाई, तीही कधीकाळी ड्रॅक्युलाच्या कैदेत होती. पुढे कित्येक पिढ्यांनी ग्रेगोरनं ‘डार्कहोल्ड’ ही काळ्या विद्येची पोथी उघडली आणि झोपलेलं प्रकरण पुन्हा जागं झालं. यात जॅकची चूक शून्य. इथपर्यंत तुम्ही आणि मी बरोबर चालतोय. हा शाप कमी आणि सातबाऱ्यावर चढलेला वाडवडिलांचा बोजा जास्त.

पण उःशाप आहे! मालिकेच्या मध्यावर जॅकच्याच इमारतीत राहणारा रेमंड कोकर नावाचा शेजारी येतो, तोही लांडगा होणारा. (एका इमारतीत दोन लांडगे. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत हा विषय कसा निघाला असता, याची कल्पना करत मी बराच वेळ घालवला आहे.) कोकरला सुटकेची वाट कळते : एका लांडग्यानं दुसऱ्या लांडग्याला मारलं की मारणारा मोकळा. शेवटी कोकर तसाच सुटतो. बळी पडतो लू हॅकेट हा पोलीस, जो एका अंगठीच्या जोरावर लांडगा बनलेला असतो. म्हणजे उःशापाची किंमत एक खून. जॅक त्या वाटेला जात नाही आणि दर महिन्याला पुन्हा लांडगा होत राहतो. तुम्ही म्हणता निवड नाही. मला तर इथे चांगली लखलखीत निवड दिसते, आणि ती त्यानं माणूस असताना केलेली आहे.

अर्थात त्यामुळे तो संत ठरत नाही. महिन्याचे सत्तावीस दिवस हा मुलगा करतो काय? लाखो माणसांच्या शहरात, लोकांनी भरलेल्या इमारतीत राहतो. आपलं काय होतं ते ठाऊक असूनही स्वतःला कोंडून घेण्याची व्यवस्था इतकी कच्ची ठेवतो की लांडगा सुटणार हे तिसऱ्या पानावर आपल्याला कळतं. त्याचा मित्र बक कोवन त्याच्यापायी पुन्हा पुन्हा संकटात सापडतो. शहर सोडून ओसाड माळावर जाऊन राहिला असता तर मालिका चार अंकांत संपली असती, हे खरं. पण गोष्टीच्या आत राहून पाहिलं तर ही बेफिकिरी जॅकचीच आहे, चंद्राची नाही. बिचारा म्हणून त्याला सोडून दिलं की त्याच्या चांगुलपणाचाही हिशेब बुडतो.

‘कमिटी’बद्दल मात्र तुमच्या ‘दळण’ या शब्दाला माझी अर्धी संमती. ही गुन्हेगारांची टोळी आधी फिलिपला ब्लॅकमेल करते, मग लांडगा पकडायचे घाट घालत राहते. पळवणं, सुटणं, पुन्हा पळवणं. मीही काही अंक भरभर उलटले आहेत. पण याच दळणातून ऑगस्ट १९७५चा ३२वा अंक निघाला, ज्यात कमिटी मार्क स्पेक्टर या भाडोत्री सैनिकाला चांदीची हत्यारं देऊन जॅकच्या मागावर सोडते. मून नाइट तो हाच. आज लोक ज्याला नायक म्हणून ओळखतात, तो पहिल्यांदा आला तो सुपारी घेऊन. जॅकला पकडून हवाली केल्यावर त्याला उमगतं की खरी जनावरं सूट घालून समोर बसली आहेत, आणि तो लांडग्याला मोकळा करतो. लेखक डग मेंच आणि चित्रकार डॉन पर्लिन या जोडीचं हे काम.

हो, पर्लिन. त्याच्या चित्रांना मी ‘कारकुनी’ म्हटलं होतं, तो शब्द मागे घेतो. १७व्या अंकापासून मार्च १९७७च्या ४३व्या, म्हणजे शेवटच्या अंकापर्यंत मासिकाची चित्रं त्यानं ओढली. एवढा काळ एकच केसाळ प्राणी काढत राहणं हे खायचं काम नाही. तरीही माझा जीव सुरुवातीच्या अंकांचा चित्रकार माइक प्लूग याच्यावरच. प्लूग तरुणपणी विल आयस्नर या नामवंत कॉमिक्सकाराच्या हाताखाली अमेरिकन लष्कराच्या यंत्रं-दुरुस्तीच्या सचित्र मासिकासाठी काम करायचा. त्याच्या लांडग्याच्या डोळ्यांत नेहमी एक भांबावलेलं पोर दिसतं. मी हे अंक पहिल्यांदा वाचले ते फोर्टच्या फुटपाथवर मिळालेल्या जाडजूड कृष्णधवल पुनर्मुद्रणात. रंग नसल्यामुळे ते डोळे जास्तच अंगावर येतात.

एक राहिलं. ‘१९७२मध्ये अचानक लांडगे, व्हँपायर कुठून आले, नुसती लाट’ असं तुम्ही म्हटलंत. लाट खरी, पण ती यायला कारण होतं. अमेरिकन प्रकाशकांनी १९५४मध्ये स्वतःवर लादून घेतलेल्या कॉमिक्स कोड या नियमावलीनं लांडगा-माणसांना बंदीच घातली होती. १९७१मध्ये कोड सैल झाला आणि ड्रॅक्युला, फ्रँकेनस्टाइनच्या अभिजात परंपरेत बसत असतील तर लांडगे चालतील असं ठरलं. त्याआधीचा एक किस्सा मला भारी आवडतो. मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी डीसी, तिच्या एका भयकथेत निवेदक म्हणतो की ही गोष्ट मला एका भटक्या ‘वुल्फमन’नं सांगितली. कोडवाल्यांनी हरकत घेतली. डीसीनं कळवलं, अहो, लेखकाचं आडनावच वुल्फमन आहे! मार्व्ह वुल्फमन. मग कोडवाले म्हणाले, तसं असेल तर लेखकाचं नाव छापा. पुढे त्याच वुल्फमननं ११ ते १५ हे जॅकचे अंक लिहिले. जॅक रसेल हे कुत्र्याच्या एका जातीचं नाव आहे, तेव्हा या मालिकेत नावांची थट्टा पहिल्यापासूनच चालू होती म्हणायची.

तुम्ही शेवटी विचारलंत की जॅकवरची २०२२ची मायकल जियाकिनोची फिल्म पाहिली का. पाहिली, आणि तुमच्या विरोधात वापरण्यासाठीच इथपर्यंत राखून ठेवली होती. गाएल गार्सिया बर्नालचा जॅक त्यात एल्सा ब्लडस्टोन या शिकारी बाईबरोबर पिंजऱ्यात अडकतो. आता आपला लांडगा होणार हे कळल्यावर तो तिच्या अगदी जवळ जाऊन तिचा वास घेतो, मनात साठवून ठेवतो, म्हणजे थोड्या वेळानं जो कुणी या अंगात असेल त्याला ती ओळखता येईल. नुसता भोगणारा माणूस हे करायला गेला नसता.

प्लूगचे अंक पुन्हा काढले आहेत. पुढच्या लेखात ‘डार्कहोल्ड’बद्दल लिहीन, तिथेही चुका सापडल्या तर कळवालच.