दुसऱ्या डब्याचे दार

आज सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, छोट्या पुलावर उभे राहून पाण्यातल्या माशांकडे बघता बघता, आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी एका गृहस्थांनी मला विचारले, "ओकायामा? तिथं पाहण्यासारखं आहे तरी काय?" ज्या बागेत उभे राहून त्यांनी हा प्रश्न विचारला तिचे दुसरे नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असे आहे, ती जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे, आणि हे गृहस्थ गेली कित्येक वर्षे तिथे नेमाने फेऱ्या मारत आहेत. मी त्यांना काहीच बोलले नाही. घरी आले, चहा टाकला, तो उतू गेला, आणि तेव्हापासून जे मनात धुमसते आहे ते इथे लिहीत आहे.

हे गृहस्थ नुकतेच नऊ दिवसांच्या सहलीहून परतले आहेत. "आमचं जपान झालं," असे त्यांनी आल्याआल्या जाहीर केले. हल्ली देश पाहिले जात नाहीत, ते होतात. मुलांच्या मुंजी व्हाव्यात आणि अंगावरचे एक कार्य हातावेगळे व्हावे तसे. युरोप झाला, जपान झाले, पुढच्या मे महिन्यात व्हिएतनाम करून टाकायचे. टोकियो, हाकोने, फुजी, क्योतो, ओसाका, हिरोशिमा असे "सगळे कव्हर" केल्यावर त्यांनी माझ्याकडे हिशोब मागितला. मी जपानमध्ये बारा दिवस होते, त्यांतले चार ओकायामात राहिले आणि टोकियोला जेमतेम दीड दिवस दिला, असे सांगताच त्यांच्या चेहऱ्यावर जी दया दाटून आली, ती एखाद्याचे पाकीट मारले गेल्यावर आपण दाखवतो त्या जातीची होती. "म्हणजे एका बागेसाठी चार दिवस वाया घालवलेत की हो, ताई."

वाया हा शब्द मला फार लागला.

चार दिवसांतला एक तास तर मी खरोखरच वाया घालवला होता, आणि तोच मला सगळ्यांत लख्ख आठवतो. ओकायामाहून सोजाला जाणारा किबी नावाचा लहानसा लोहमार्ग आहे. त्यावर डिझेलवर चालणारी, शेंदरी रंगाची, दोन डब्यांची गाडी धावते. मला किबित्सु स्थानकावर उतरून तिथले पुरातन देवस्थान पाहायचे होते. अशा गाडीत चालकाखेरीज दुसरा कर्मचारी नसतो, त्यामुळे छोट्या स्थानकांवर फक्त पहिल्या डब्याची दारे उघडतात. त्याच डब्याच्या मागच्या दाराने चढायचे, तिथल्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, आणि उतरताना चालकाशेजारच्या पेटीत तिकीट किंवा पैसे टाकून पुढच्या दाराने बाहेर पडायचे. चालकाच्या डोक्यावर एक फलक असतो. आपल्या चिठ्ठीवरच्या क्रमांकाखाली त्यावर जो आकडा दिसतो तेवढे भाडे. एकदा कळले की पोरखेळ आहे. मला ते कळलेले नव्हते, कारण मी ओकायामाच्या मोठ्या स्थानकावर चढले तेव्हा सगळी दारे सताड उघडी होती आणि मी ऐटीत दुसऱ्या डब्यात खिडकीशी जाऊन बसले होते.

किबित्सु आले. मी दाराशी उभी राहिले. दार हलले नाही. मी ते दाबून पाहिले, ओढून पाहिले, शेवटी पुण्याच्या सवयीने त्यावर थाप मारली. मागून एक म्हातारी बाई हात पुढे करून सारखी म्हणू लागली, "माए, माए!" त्या घाईतही मला क्षणभर वाटले की ही बाई मला माये म्हणून हाक मारते आहे. जपानीत माए म्हणजे पुढे, हे मला नंतर कळले. ती बिचारी पुढच्या डब्यात पळ म्हणून सांगत होती आणि मी तिच्या मायेने भारावून जागच्या जागी उभी होते. गाडी सुटली.

तर आमच्या बागेतल्या गृहस्थांच्या मते हा वाया गेलेला वेळ. बरोबरच आहे. त्यांच्या सहलीत दार कधीच अडले नाही, कारण दार उघडणे हे काम त्यांच्याकडे कधी नव्हतेच. झेंडीवाल्या व्यवस्थापकाच्या मागे चालायचे, सांगितले तिथे उतरायचे, वीस मिनिटांत फोटो काढून बसमध्ये परत यायचे, आणि संध्याकाळी वरण-भात मिळाला की टाळ्या वाजवायच्या. ओसाकाहून हिरोशिमाला बुलेट ट्रेनने गेल्याचे ते कौतुकाने सांगत होते. त्या मार्गावरची नोझोमी ही सर्वांत वेगवान बुलेट ट्रेनसुद्धा झाडून ओकायामाला थांबते. म्हणजे ते ज्या गावात "पाहण्यासारखं आहे काय" असे विचारतात, त्या गावात त्यांची गाडी उभी होती, दार उघडे होते, आणि ते बहुधा चकल्यांचा डबा उघडत होते.

हे जरा जास्तच बोचरे झाले, पण पुसत नाही.

आता कुणीतरी लिहिणारच की सगळ्यांना एकट्याने फिरणे जमत नाही, गुडघे असतात, रजा नसते, शाकाहाराचे हाल होतात. मान्य. जपानमध्ये साध्या भाजीच्या रश्श्यातही बहुतेकदा माशाचा अर्क असतो, हे मला चौथ्या दिवशी कळले आणि त्यानंतर मी आंबट-खारट उमेबोशी भरलेल्या भाताच्या त्रिकोणांवर बरेच दिवस काढले. लोणचे-भात समजून खाल्ले की गोड लागते. पण गुडघे नसलेल्या, रजा असलेल्या आणि मासे खाणाऱ्या माणसांनीसुद्धा "आपल्याला नाही बाई झेपायचं" असे म्हणत आयुष्य काढावे, याला माझी हरकत आहे.

त्या गाडीकडे परत येते. पुढचे स्थानक बिच्चू-ताकामात्सु. तोवर मी धावत पहिल्या डब्यात पोहोचले होते. चालकाने माझे तिकीट पाहिले, मी मागच्या दिशेने हात करून "किबित्सु" म्हणाले, त्याने मान डोलावली आणि फरकाची चिल्लर पेटीत टाकायची खूण केली. चिडला नाही, हसला नाही, पाढे म्हणावे तसे त्याने ते काम केले आणि गाडी घेऊन निघून गेला. परतीची गाडी पाऊण तासाने होती. फलाटावर मी एकटी. भाषा येत नाही, फोनची बॅटरी अर्ध्यावर, आजूबाजूला कापणी झालेली भातखाचरे. काय करणार, चालत सुटले.

दहा मिनिटांवर एक सपाट, ओसाड म्हणावे असे उद्यान लागले. तळ्यात कमळांचे वाळलेले देठ उभे होते आणि एका बाजूला लहानशी समाधी होती. तो ताकामात्सु किल्ला होता. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे राजगड-तोरणा येतात. इथे चढायला एक पायरीसुद्धा नाही. दलदलीच्या मधोमध बांधलेला हा भुईकोट १५८२ साली हिदेयोशी या सेनापतीला घेता येईना, तेव्हा त्याने बांध घालून आशिमोरी नदीचे पाणी त्याच्याकडे वळवले आणि अख्खा किल्ला बुडवला. किल्लेदार शिमिझु मुनेहारू याने आपल्या माणसांचे प्राण वाचावेत म्हणून त्या पाण्यावर नाव आणली आणि नावेतच, दोन्ही सैन्यांसमोर, पोट चिरून मरण पत्करले. हिदेयोशीला तोवर बातमी लागली होती की तिकडे क्योतोत त्याचा धनी नोबुनागा दगाफटक्यात मेला आहे. ती बातमी शत्रूपासून लपवून त्याने घाईने तह केला, सैन्य वळवले, वाऱ्याच्या वेगाने क्योतोकडे धावला आणि पुढे जपानचा सर्वेसर्वा झाला. ज्यांचे बालपण किल्ल्यांच्या गोष्टी ऐकण्यात गेले आहे अशा आपल्यासारख्या माणसांनी तिथे उभे राहावे आणि अंगावर काटा येऊ नये, हे होणे नाही. माझ्या यादीत हे ठिकाण नव्हते. दुसऱ्या डब्याच्या दाराने मला तिथे नेले.

परत किबित्सुला उतरले ती पहिल्या डब्यातून, छाती पुढे काढून. पाइन झाडांच्या रांगेतून देवळाकडे जाणारा रस्ता, १४२५ मध्ये पुन्हा उभारलेले मुख्य देऊळ, आणि डोंगराच्या चढउतारावर खालीवर होत जाणारा तीनशे मीटरहून लांब, छप्पर असलेली लाकडी वाट. तिथे पाणी उकळणाऱ्या एका मोठ्या हंड्यावर तांदूळ वाफवताना जो आवाज होतो त्यावरून कौल लावतात. हंड्याखाली मारलेल्या राक्षसाचे डोके पुरले आहे आणि तोच घुमतो, अशी कथा आहे. हीच राक्षसाची कथा पुढे मोमोतारोची झाली असे ओकायामाचे लोक मानतात. पीच फळातून जन्मलेला हा मुलगा, त्याचा कुत्रा, माकड आणि रानपाखरू यांचा पुतळा ओकायामा स्थानकाबाहेरच उभा आहे. कौल लावायची माझी हिंमत झाली नाही.

आणि कोराकुएन. १६८७ मध्ये इकेदा त्सुनामासा या सरदाराने ती बांधायला घेतली आणि १७०० मध्ये ती पुरी झाली. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिची दैना झाली आणि जुनी चित्रे पाहून ती पुन्हा तशीच उभी केली गेली. आत चहाचा मळा आहे, चिमुकले भातशेत आहे, एका मंडपाच्या मधून ओहोळ वाहतो, नदीपलीकडे काळा किल्ला दिसतो. पण मला तिथे सर्वांत आधी काय जाणवले असेल, तर वळण. अमुक ठिकाणी वाट वळली की पाणी दिसणार, हे माझ्या पायांना माहीत होते. वर्षानुवर्षे सिंहगड रस्त्यावर फेऱ्या मारलेल्या पायांना ते माहीत असणारच. मी तिथे बाकावर बसून थोडी रडले, हे आज सकाळी त्या पुलावर सांगायचे राहून गेले, आणि नाही सांगितले तेच बरे झाले.

स्वतंत्र प्रवासी म्हणून फार मिरवण्यातही अर्थ नाही, हे मला क्योतोने दाखवले. तिथल्या शहर बसमध्ये आमच्यासारख्या पाहुण्यांची एवढी गर्दी होऊ लागली की पालिकेने फक्त बससाठीचा एका दिवसाचा पास २०२३ मध्ये विकायचा बंद केला आणि भुयारी रेल्वे धरून ११०० येनांचा पास घ्या असे सांगितले. मीही माझी बॅग घेऊन त्याच बसमध्ये शिरले होते, आणि माझ्यामुळे एका आजोबांना उभे राहावे लागले. तेव्हा आम्ही फार सज्जन आणि सहलवाले तेवढे वाईट, असे नाही. नाही म्हणजे नाही.

पण वसूल करण्याची जी वृत्ती आहे ना, तिच्याबद्दल मी मऊ होणार नाही. जपानच्या रेल्वेचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० वर गेला, तेव्हा आपल्याकडे केवढी हळहळ व्यक्त झाली. मला तर ती दरवाढ उपकारक वाटली. पास स्वस्त होता तेव्हा तो वसूल करण्यासाठी माणसे सकाळी एका शहरात आणि रात्री तिसऱ्या शहरात धावत होती. मी सुटी तिकिटे काढली, त्यामुळे कुठेही न जाण्याचे पैसे पडत नव्हते. एका दुपारी मी ओकायामाच्या ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि त्याच ट्रामने परत आले. काय पाहिले? एका शाळकरी मुलाने उतरण्याआधी नाणी मोजून मुठीत धरली, पेटीत टाकली आणि चालकाला वाकून नमस्कार केला. एवढेच पाहिले.

माझी आई सहलीनेच युरोपला गेली होती, हे इथे सांगायला हवे. बासष्टाव्या वर्षी तिने पहिल्यांदा पासपोर्ट काढला, आणि सहल नसती तर वडिलांनी तिला धाडलेच नसते. ती बसमध्ये बहुतेक वेळ झोपली, तरी एका डोंगरावर बर्फ हातात घेऊन काढलेला तिचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे आणि त्यात ती अठरा वर्षांची दिसते. त्यामुळे झेंडीच्या मागे चालणाऱ्या बायकांना मी हसत नाही. माझा राग त्यांच्यावर आहे ज्यांच्यापाशी सगळे काही आहे आणि तरीही जे दुसऱ्याच्या चार दिवसांचा हिशोब मागतात.

आता राग बराच निवळला आहे, तेव्हा सकाळची एक गोष्ट, जी सुरुवातीला लिहिली नाही, ती लिहिते. ते गृहस्थ पुढे निघून गेल्यावर त्यांच्या पत्नी फाटकापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "एकटीला भीती नाही का हो वाटत?" मी फणकाऱ्यातच होते. "छे, कसली भीती!" असे तोडून टाकून निघून आले. ते खोटे होते. किबित्सुचे स्थानक खिडकीतून मागे सरकताना माझ्या पोटात खड्डा पडला होता आणि हात कापत होते. उद्या त्या आल्या तर आधी हे सांगेन, आणि मग पहिल्या डब्यात बसायला सांगेन.