पैसे मी द्यायचे आणि परीक्षाही मीच द्यायची

पगार हातात २६ हजार. ऑफिस अंधेरी पूर्वेला. मरोळमध्ये एका वन आरकेचं, म्हणजे एक खोली नि किचनचं, भाडं २२ हजार. वर ब्रोकर मलाच ऐकवतो, "भाऊ, तुमचं बजेटच चुकलंय." अरे बाबा, पगारच तेवढा आहे!

आणि २२ हजारांत मिळतं काय? अ‍ॅपवरच्या फोटोत मोठ्ठी खिडकी. प्रत्यक्षात ती डक्टमध्ये उघडते. हात बाहेर काढला की शेजारच्या एसीची गरम हवा. 'सेमी फर्निश्ड' म्हणजे दार न लागणारं कपाट आणि एक ट्यूबलाइट. ट्यूबलाइटसुद्धा फर्निचरमध्ये धरतात!

तरी म्हटलं, पार्टनर शोधू, निम्मं निम्मं करू. तर चौकशी सुरू. बॅचलर? नको. मच्छी-मटण खाता? नको. सोसायटीचे सेक्रेटरीकाका तर स्थळ बघायला आल्यासारखे बसले. रात्री किती वाजता येता, मित्र येतात का, मैत्रिणी? सेकंड शिफ्ट आहे म्हटल्यावर तोंड वाकडं. थर्टी फर्स्टला यांच्याच गच्चीवर डीजे वाजतो तेव्हा घड्याळ कुठे जातं? आणि एनओसी, ना-हरकत पत्र, कसलं मागता? सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, म्हणजे आदर्श उपविधींत, घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, सभासदाने नुसतं कळवायचं असतं. हे बोललो आणि घर गेलं.

मग पैसे. डिपॉझिट एक लाख. ब्रोकरेज एका महिन्याचं भाडं, आणि अकरा महिन्यांनी करार नवा केला की परत ब्रोकरेज. कशाचं? घर तर तेच आहे! सोसायटीचे शिफ्टिंग चार्जेस वेगळे. माझं सामान म्हणजे एक सॅक आणि एक गादी, लिफ्ट कितीशी झिजणार? भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. खर्च मात्र माझा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट नको असं लिहिलंय. पण तो नुसता नमुना, राज्याने घेतला तर लागू. मालकाला सांगून बघा, हसतो.

नातेवाईक आहेतच. माझे काका म्हणतात, "बदलापूरला बघ ना, स्वस्त पडतं." सकाळच्या फास्टला लटकून घाटकोपर, मग मेट्रोची रांग. रात्री साडेअकराला सुटून तिकडे पोचणार कधी, झोपणार कधी, हे काकांनी येऊन दाखवावं.

ऑफिसातल्या एकाने नुकतंच घर सोडलं. डिपॉझिटमधून पेंटिंगचे म्हणून अख्ख्या महिन्याचं भाडं कापलं. पोपडे तो राहायला आला तेव्हाचेच, फोटो आहेत त्याच्याकडे. मालक म्हणे, "सगळ्यांचंच कापतो." म्हणजे प्रत्येक भाडेकरूकडून रंगाचे पैसे उकळले, आणि त्या भिंतीला ब्रश एकदाही लागलेला नाही!